भिंतीवरून आलेलं हेल्मेट

आमच्या कॉलेजात गाडी आत न्यायची तर हेल्मेट लागायचं. कॉलेज अकोल्याच्या बाहेर, मोकळ्या काळ्या जमिनीत उभं. शहरातून तिथवर यायचं म्हणजे बराचसा हायवे. त्या हायवेवर डोक्यावर काय आहे हे कोणी विचारत नसे. विचारणा व्हायची ती गेटवर. तिथे एक वॉचमन आणि त्याच्या मागे भिंतीवर रंगवलेलं ‘हेल्मेट नाही, प्रवेश नाही’. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की हेल्मेट ही आयकार्डासारखी गेटवर दाखवायची वस्तू आहे.

मग एका हेल्मेटवर अर्धा वर्ग आत जायचा. गेटच्या अलीकडे चहाची टपरी होती, तिथे सगळ्यांनी थांबायचं. पहिल्याने हेल्मेट चढवून आत जायचं, स्टँडवर गाडी लावायची आणि स्टँडमागच्या कंपाउंडवरून हेल्मेट बाहेर फेकायचं. बाहेर पुढचा हात वर करून उभा असायचा. झेललं तर झेललं, नाहीतर ते खालच्या सिमेंटच्या नालीत आपटायचं. उचलायचं, झटकायचं, डोक्यावर ठेवायचं की निघाला पुढचा. पट्टा लावायच्या भानगडीत कोणी पडत नसे. वॉचमनला हे दिसत नव्हतं असं नाही. “हे लाल हेल्मेट सकाळपासून लय हजेरी लावून राहिलं,” असं म्हणून तो हसायचा आणि गेट उघडायचा. डोकं झाकलेलं आहे का एवढंच बघायला त्याला सांगितलं होतं, आणि ते तो बघत होता.

ते लाल हेल्मेट माझं होतं.

माझे बाबा अमरावतीत पौरोहित्य करतात. सकाळी धोतर नेसून, डिक्कीत पळी-पंचपात्र आणि पोथ्या टाकून ते स्कूटरवर निघतात. एक सत्यनारायण बडनेऱ्याला, दुसरा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये कोणाचं बारसं. मला अकोल्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी मला स्कूटी घेऊन दिली आणि तसंच मला हेल्मेटच्या दुकानात नेलं. दुकानदाराने आधी काढलेलं हलकं हेल्मेट त्यांनी बाजूला सारलं. आयुष्यात कधी हेल्मेट न घातलेला हा माणूस एकेक हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवून वरून टिचक्या मारून बघत होता. “घट्ट होते का? होऊ दे. सैल नाई पाहिजे.” घरी गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, पुढच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक. आणि बोटाला कुंकू उरलंच होतं म्हणून एक स्वस्तिक हेल्मेटवरही. “आता परगावी चालली तू,” ते म्हणाले, “हे डोक्यावरून खाली नोको ठेवू.” मी हो म्हटलं. त्या वेळी ते खरंही होतं.

सुरुवातीला मी घातलं. मग ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं. अकोल्याचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. आम्ही मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड-डोकं स्कार्फने बांधून निघायचो. त्या स्कार्फवर हेल्मेट नीट बसत नाही. मागची गाठ टोचते, आत घामाने चिकचिक होते. उन्हाने माणूस मरतो यावर आमचा पूर्ण विश्वास होता. स्कार्फ विसरून निघालेली एकही मुलगी मला आठवत नाही. गाडीवरून पडून मरतो यावर मात्र तितका नव्हता. हेल्मेट आधी हँडलला लटकलं, मग पायाशी आलं. एकदा गेटवर मैत्रीण अडली, तेव्हा मी आतून भिंतीवरून ते तिच्याकडे फेकलं. सुरुवात तिथून झाली, म्हणजे माझ्याच हाताने.

ती पद्धत मीच काढली याची मला घमेंड होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सिनियर पोरं माझ्यासाठी टपरीवर थांबायची. “लालवाली आली बे!” अशी आरोळी उठायची. एरवी भटजीची पोरगी म्हणून माझी जी थोडीफार चेष्टा व्हायची ती बंद झाली. माणसाला मान कशाने मिळतो ते बघा.

त्याच थंडीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला. पोस्टर, पथनाट्य, शपथ आणि आंतर-महाविद्यालयीन प्रश्नमंजूषा. पाठांतर माझ्या रक्तात असल्यामुळे सरांनी मला उभं केलं. मी सगळं घोकलं. सलग पिवळी रेघ म्हणजे काय, वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून गाडी थांबायला अंतर किती वाढतं, मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागतं का, चौकात पहिला हक्क कोणाचा. खरं सांगायचं तर आमच्यातल्या बहुतेकांना हे सगळं येत होतं. आम्हाला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. शेवटच्या फेरीत दोन टीम बरोबरीत होत्या आणि प्रश्न आला, हेल्मेट कधी बदलावं? मी बझर दाबला आणि एका दमात सांगितलं, “एकदा जोरात आपटलं की. बाहेरून काही दिसत नसलं तरी. आतला थर मार शोषून घेतो, पण तो एकदाच.” हॉल दणाणला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या हेल्मेटवर सकाळी आत आलेली मुलं होती. त्यातल्या एकाने मला बघून डोळा मारला आणि मीही हसले. मला तेव्हा लाज वाटली नाही, गंमत वाटली. त्या गमतीची आज मला जितकी लाज वाटते तितकी बाकी कशाचीच वाटत नाही.

प्रमाणपत्र हातात धरलेला माझा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी तो अमरावतीतल्या झाडून सगळ्या यजमानांना पाठवला.

पुढच्या दिवाळीत मी स्कूटीवरूनच घरी गेले, तर ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय. मलाही चेव आला. फराळाच्या ताटावर बसल्या-बसल्या मी बाबांना धरलं. “लोकांना अभिमानाने फोटो पाठवता आणि स्वतः बोडक्या डोक्याने बडनेऱ्याला जाता?”

“मले कायले पाहिजे हेल्मेट? शेंडी आहे न,” बाबा म्हणाले.

“बाबा, मी गंमत नाही करत.”

“अवं, यजमानाच्या दारात हेल्मेट घालून उभा राहिलो त लोक म्हणतील, गुरुजी आले का कुरिअरवाला आला? सवाष्णी पळीभर तीर्थ घ्यायच्या ऐवजी सही कुठं करू विचारतील.”

आई हसत हसत चकल्यांचा डबा पुढे सरकवत होती. मी हटले नाही. घोकलेलं सगळं त्यांच्यापुढे ओतलं. पडताना डोकं आधी कसं आपटतं, गावातल्या गावातच अपघात कसे होतात, रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस कसा बेसावध असतो. माझा आवाज चढत गेला. बोलता बोलता मला खरंच रडू आलं, कारण ते सगळं बोलताना मला बाबांचं विरळ केसांचं डोकं दिसत होतं. बाबांनी करंजी ताटात ठेवली.

“बरं,” ते म्हणाले. “उद्यापासून घालतो. तू इतकं म्हणून राहिली त घालतो.”

माझ्या आयुष्यात मी कोणाला पटवून दिलेली ही पहिली मोठी गोष्ट. आणि त्याच बैठकीत पुढचंही ठरून गेलं. बाबांची जुनी स्कूटर किक मारून मारून दमायला लावायची. माझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, बरंचसं काम लॅबमध्येच. तेव्हा स्कूटी बाबांकडे राहील, मी मैत्रिणीच्या मागे बसून कॉलेजला जाईन. मी म्हटलं, मग उद्या नवीन हेल्मेट आणू.

“नवीन काहून? तुहं आहे न,” बाबा म्हणाले. “एवढं पारखून घेतलेलं. आन तू वापरलेलं, म्हणजे चांगलंच असंन.”

आता बोल, असं मी स्वतःला सांगितलं. पण बोलायचं तर भिंत सांगावी लागली असती, नाली सांगावी लागली असती, ‘लालवाली’ सांगावी लागली असती. आत्ताच डोळ्यांत पाणी आणून दिलेलं व्याख्यान, तो फोटो, ते शंभर ठिकाणी गेलेलं प्रमाणपत्र, सगळ्याचं हसं झालं असतं. मी म्हटलं, “जुनं झालंय हो ते.” बाबा म्हणाले, “मी कोणता नवा आहे?” आणि विषय संपला.

आईने दुसऱ्या दिवशी हेल्मेट हातात घेतलं आणि नाक मुरडलं. “किती घाण वास येऊन राहिला गं याच्यातून. पोरींच्या डोक्याला इतकं तेल असते काय? दे, आतलं कापड धुऊन टाकते.” तिला काय ठाऊक, त्यात किती डोक्यांचं तेल होतं. मी ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. “मी धुते.” मागच्या अंगणात नळापाशी बसून मी आतलं अस्तर सोडवलं. अस्तराखाली थर्माकोलसारखा जाड पांढरा थर असतो. त्याला मागच्या बाजूने, बरोबर जिथे डोक्याचा मागचा भाग टेकतो तिथे, चीर गेलेली होती. आरपार. बोटाने दाबलं तर दोन्ही कडा हलत होत्या. वरून लाल रंगावर चार ओरखडे, बाकी काही नाही.

मी ती चीर बघत बराच वेळ बसले. मग अस्तर साबणाने स्वच्छ धुतलं, दोरीवर वाळत घातलं, आणि संध्याकाळी वाळल्यावर त्याच चिरेवर परत बसवून चारी बटणं दाबली. नालीत आपटलेलं हेल्मेट ही पोरांची मस्ती म्हणता येईल. पण हे अस्तर बसवणं मी एकटीने, शांतपणे, पूर्ण शुद्धीवर केलं. आणि प्रश्नमंजूषेतलं ते उत्तर त्या वेळीही मला शब्दन् शब्द पाठ होतं.

माझी मी समजूत घातली. गावातल्या गावात तर जायचं. वेग किती, तीसचा. पुढच्या वेळी येईन तेव्हा काहीतरी कारण काढून नवीन घेऊन देईन.

मी अकोल्याला परतले आणि बाबांचे फोटो यायला लागले. धोतर, उपरणं, त्यावर लाल हेल्मेट. पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला, कारण पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे टोपी, हे मीच त्यांना शिकवलं होतं. यजमानांकडे पोचले की ते हेल्मेट हातात धरून दारातच सांगायचे, मुलीने घालायला लावलं. लोकांना मोठं कौतुक. आई फोनवर सांगायची, अमक्या वकिलांनी बाबांचं बघून हेल्मेट घेतलं, तमक्यांच्या घरी सून सासऱ्याला म्हणाली गुरुजी घालतात मग तुम्हाला काय झालं. दर फोटोखाली मी हात जोडल्याचं चिन्ह टाकायची. दुसरं काय टाकणार होते? आणि दरवेळी ठरवायची की आज सांगू. मग बाबाच आनंदाने काहीतरी सांगायला लागायचे आणि माझं राहून जायचं.

त्यांना त्याची सवय लागली, आणि सवयीसोबत धीर आला. मोर्शीकडच्या यजमानांकडे ते पूर्वी एसटीने जायचे. तिकडे त्यांची बरीच जुनी घरं आहेत, संत्र्याच्या बागा असलेली. आता मात्र एसटीची वाट कशाला बघायची, असं त्यांना वाटू लागलं. हे मला खूप उशिरा कळलं.

कॉलेजात माझं लाल हेल्मेट गेल्यावर दुसरं आलं होतं. एका ज्युनियर पोराचं, काळं, चकचकीत. तेही भिंतीवरून येत-जात होतं. थंडीतल्या एका सकाळी मी मैत्रिणीच्या मागे बसून आले. ती हेल्मेट झेलायला भिंतीपाशी उभी राहिली, मी टपरीपाशी थांबले. आतून कोणीतरी जरा जोरात फेकलं. तिच्या बोटांना लागून ते नालीच्या काठावर आदळलं आणि दोन तुकडे झाले. फार मोठा आवाजसुद्धा झाला नाही. डोळ्यांसमोरची काच एकीकडे, अर्धं कवच दुसरीकडे. मग हशा पिकला. “गेलं बे हेल्मेट! आता काय टोपी घालून जाता काय?” ज्याचं होतं तोही हसत होता. बाहेरून बघाल तर ते हेल्मेट आदल्या दिवशीपर्यंत माझ्या हेल्मेटपेक्षा पुष्कळ चांगलं दिसत होतं.

मी खिशातून फोन काढला आणि तिथूनच बाबांना लावला. वाजून वाजून बंद झाला. पूजेला बसले की ते फोन उचलत नाहीत हे मला माहीत आहे, तरी पुन्हा लावला. मग आईला लावला.

“बाबा कुठे आहेत?”

“ते मोर्शीले गेले न, वास्तुशांतीले. सकाळीच निघाले.”

“कशाने?”

“गाडीनंच गेले. आता काय, हेल्मेट आहे त घाबरत नाहीत ते,” आई कौतुकाने म्हणाली. “तूच त शिकवलं.”

मोर्शीचा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवसांत तिकडून संत्र्याने भरलेले ट्रक निघतात, एकामागून एक, आणि त्यांच्या मधून मोटारसायकली. मी लॅबमध्ये गेले नाही. टपरीच्या बाकावर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्यासमोर पोरं एकमेकांना विचारत होती की आता आत कसं जायचं, आणि थोड्या वेळाने कोणीतरी तिसरं हेल्मेट घेऊन आलं. मी थांबवायला पाहिजे होतं. पण मी कोण सांगणारी? ही पद्धत माझीच होती. मी फक्त फोनकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात बाबांना एकच सांगत राहिले, की पूजा लांबू द्या, जेवायला आग्रह होऊ द्या, निघू नका.

दुपार कलताना फोन वाजला.

“बोल बेटा,” बाबांचा आवाज मोकळा, तृप्त. “किती फोन केले तू! पूजेत होतो न. आता परत निघालो, मध्ये रस्त्यात चहाले थांबलो. यजमानांनी संत्री देल्ली पिशवीभर. तुले कोणासोबत पाठवू?”

“बाबा, तिथेच थांबा. गाडीवर बसू नका. गाडी टपरीवाल्याकडे ठेवा आणि एसटीने या.”

“काहून? काय झालं?”

मी सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. भिंत, नाली, पोरं, वॉचमन, सगळं. अस्तर धुताना दिसलेली चीर सांगितली आणि ते अस्तर मी परत त्यावर बसवलं हेही सांगितलं. “त्या हेल्मेटात काही राहिलं नाही बाबा. मला माहीत होतं. मला दिवाळीपासून माहीत होतं.” आजूबाजूची पोरं माझ्याकडे बघायला लागली होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

मला वाटलं आता बाबा रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला, कोणीतरी कपबशा विसळत होतं.

“म्हणजे, तू घालतच नव्हती,” ते अखेर म्हणाले. स्वतःच्या डोक्याबद्दल एक अक्षर नाही.

“गेटमधून आत जाताना घालायची.”

“आन रस्त्यावर?”

“पायाशी ठेवायची.”

“मी एसटीनं जातो,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, यजमानाच्या घरी काही अशुभ कळल्यावर होतो तसा. मग ते घुटमळले. मला वाटलं फोन ठेवतील. पण त्यांनी विचारलं, “तू आता खोलीवर कशी जाशीन? कोणाच्या मागं बसून? तिच्याजवळ आहे का हेल्मेट?”

दीड-दोन वर्षं मी अकोल्यात होते, पण हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. विचारायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.